फुलं उधळून झाल्यावर

जळगावचा सलोखा कुणाला दाखवायचा असला की आम्ही त्याला कार्तिकी एकादशीला बोलावतो. जुन्या गावातल्या राममंदिरापासून रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा उत्सव, म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेली. दोर ओढायला शेकडो हात असतात आणि त्यांचं कौतुकही सगळ्यांना असतं. माझी नजर मात्र मोगरीवाल्यांवर खिळलेली असते. एवढ्या अवजड लाकडी रथाला ना ब्रेक, ना सुकाणू. थांबवायचा किंवा वळवायचा तर चालत्या चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवायची आणि हात मागे घ्यायचा. जरा लवकर झालं तर रथ नको तिथं अडतो, जरा उशीर झाला तर हातच जायचा. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी मोगरी लागते आणि रथ उभा राहतो. राममंदिराच्या वतीनं दर्ग्यावर चादर चढते, मुस्लिम मंडळी रथावर फुलं उधळतात. अप्पा महाराजांची आणि लालशा बाबांची दोस्ती होती, तिची ही आठवण, असं जुनी माणसं सांगतात.

माझं माहेर धुळ्याचं. तिथंही दाखवण्यासारखं असंच एक आहे. अनंत चतुर्दशीला जुन्या धुळ्यातल्या मानाच्या गणपतीची पालखी टाळ-मृदंगाच्या गजरात निघते आणि मशिदीपाशी थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच ठिकाणी मिरवणुकीवरून दंगल झाली, इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. तेव्हापासून गणपतीही ‘खुनी’ आणि मशीदही ‘खुनी’. पुढं दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी समेट केला. आता मशिदीतून फुलं येतात, मौलवी गणपतीला हार घालतात, आरती होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं तेव्हा ‘खुनी गणपती’ म्हणताना कुणाला वावगं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

अशी माहेरची एक आणि सासरची एक, दोन प्रशस्तिपत्रकं माझ्यापाशी होती. ती मी खूप वापरली. पुण्याच्या लग्नात कुणी म्हणालं, ‘तुमच्या धुळ्याला दंगली फार हो’, की मी खुनी गणपती काढायचे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात राष्ट्रीय एकात्मतेचा तास आला की लालशा बाबा. टाळ्या मिळायच्या. ऑक्टोबर २००८मध्ये धुळं पेटलं तेव्हा मी जळगावात होते; माहेरी फोन लागेना म्हणून जीव टांगणीला लागला होता. ६ जानेवारी २०१३ला हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेली बाचाबाची दंगलीवर गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. ज्या शहरात मशिदीतून गणपतीवर फुलं पडतात त्याच शहरात. त्यानंतरही मी गणपतीची गोष्ट सांगायचं सोडलं नाही, फक्त थोडी घाईनं सांगायला लागले.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि एक साधा प्रश्न छळायला लागला. या फुलांच्या आणि चादरीच्या पलीकडं मला काय माहीत आहे? लालशा बाबा काय शिकवत? सूफी म्हणजे नेमकं काय? आणि ते जाऊ दे, अप्पा महाराज काय शिकवत?

याला निमित्त झालं शेजारच्या भाभींचं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. ईदचा शीरखुर्मा डब्यातून आमच्याकडं येतो, दिवाळीचं फराळाचं ताट तिकडं जातं, आणि डबा कधी रिकामा परत करायचा नाही हा नियम दोन्ही घरं पाळतात. रथाच्या आदल्या दिवशी भाभी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “ताई, रामाचा जन्म तर चैत्रातला ना? मग रथ कार्तिकात कशाला?”

मी म्हणाले, “परंपरा आहे.”

त्यांनी मान डोलावली. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं, म्हणजे त्यांनी तसं दाखवलं. आत आले आणि स्वतःचंच हसू आलं. देवशयनीला निजलेला विष्णू चार महिन्यांनी प्रबोधिनीला जागा होतो, राम हा त्याचाच अवतार, म्हणून त्या दिवशी तो रथात बसून गाव पाहायला निघतो. एवढं सांगायला काय लागत होतं? पण ते मला ओट्यावर आठवलं नाही, कारण ते मी कधी मनाशी जुळवलंच नव्हतं. एकादशीला साबुदाणा भिजवत आले, बस्स. ‘परंपरा आहे’ हे उत्तर मी वर्गातही दिलं असणार, आणि ज्या मुलानं विचारलं असेल तो पुन्हा विचारायच्या भानगडीत पडला नसणार.

घरात मागं वळून पाहिलं तर तिथंही हेच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. खान्देशात दिवाळीइतकाच मोठा सण. सुरत, मुंबई, नाशिक, जिथं कुठं भाऊबंद पोटासाठी गेले असतील तिथून ते परततात. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, साडी नेसवून कानबाई चौरंगावर येते, सोमवारी नदीवर जाते. रोटांचं जेवण भाऊबंदकीतच संपवायचं, बाहेर द्यायचं नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक घराचं स्वतःपुरतं असं काही असायला हरकत कसली? पण आतल्या आत तरी ते पुढं गेलं का? माझ्या आजेसासूबाई रात्रभर अहिराणी गाणी म्हणायच्या. कानबाईच्या लग्नाची, तिच्या रुसव्याची, वाटेत भेटलेल्या नदीची. सासूबाईंना त्यातली निम्मी यायची. मला दोन येतात, तीही धड नाहीत. आता गल्लीत डीजेवर अहिराणी गाणी लागतात आणि कानबाईपुढं तीच वाजतात. पुण्याच्या सुनेनं फोन करून विचारलं, “आई, कानबाई कोण? पार्वती की कुणी वेगळी?” मी तिला यूट्यूबची लिंक पाठवली.

म्हणजे शेजारणीचा धर्म मला ठाऊक नाही म्हणून खंत करायची, तर आधी माझ्या चौरंगावरच्या बाईची तरी मला ओळख आहे का?

आणि हे अज्ञान अशा मुलखातलं आहे जिथं जाणून घ्यायची सोय नव्हती असं म्हणायची सोय नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सोडवून सांगितला आणि साने गुरुजींनी तो लिहून घेतला. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तिथलं. शाळेत जाताना वडील तुरुंगाची भिंत दाखवून हे सांगायचे, आणि माझ्या डोक्यात ते सामान्यज्ञानाच्या परीक्षेतलं एक उत्तर म्हणून बसलं. त्याच विनोबांनी पुढं अरबी शिकून मूळ कुराण वाचलं आणि ‘कुराण-सार’ काढलं. अंमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या त्याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं. माझ्या पिढीनं ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसले आणि गुरुजींना तिथंच सोडलं.

अंमळनेरातच प्रतापशेठांनी १९१६च्या सुमारास तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं; कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस बंगालातून येऊन काही काळ तिथं संचालक होता. धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ, आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून पायपीट करून जमवलेल्या बाडांचं समर्थ वाग्देवता मंदिर. समर्थांच्या हातचं वाल्मीकिरामायण तिथं जपलेलं आहे. माहेरी गेले की त्या रस्त्यावरून रिक्षानं जाते. आत जायचं ते कुणी पाहुणा बघायला आला तर त्याच्याबरोबर, आणि काचेपलीकडच्या अक्षराला हात जोडून बाहेर यायचं. नमस्कार केला म्हणजे वाचलं, असा माझा हिशेब. कारण विचारलं तर वेळ नव्हता हे उत्तर तयार आहे. पण संध्याकाळच्या मालिकांना वेळ होता.

खरं कारण दुसरंच असावं. जाणून घेतलं की मत द्यावं लागतं. पिंपळनेरला जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्याच साक्री तालुक्यातले. वाईला जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला, ‘धर्मकोशा’चं डोंगराएवढं काम अंगावर घेतलं, आणि ‘हिंदू धर्माची समीक्षा’ही त्यांनीच लिहिली. सगळं वाचलेला माणूस आपल्याच घरातल्या गोष्टींना नाही म्हणाला. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे म्हणणाऱ्यांशी तो शास्त्रातूनच भांडला. मी काहीच वाचलं नाही, त्यामुळं मला कशालाच नाही म्हणावं लागलं नाही. आणि या न बोलण्याला मी आयुष्यभर सहिष्णुता समजत आले. भाभींच्या धर्माबद्दल माझा आदर असा की त्यातलं काहीही मला माहीत नाही, म्हणून त्यातलं काहीही मला खुपत नाही. असा आदर कुणालाही परवडतो.

नोकरीची काही वर्षं यावल-रावेरकडच्या एका शाळेत गेली. सातपुड्याच्या पायथ्याची तडवी भिल्लांची मुलं वर्गात असायची. दाखल्यावर धर्म मुस्लिम, जमात तडवी, म्हणजे आदिवासी. त्यांच्याकडं लग्नात हळदही लागते आणि निकाहही होतो. हजेरीपुस्तकात ते नाव-रकाने मी वर्षानुवर्षं भरले. एका वळचणीखाली दोन-तीन धर्मांचा मुक्काम कसा असतो हे समजून घ्यायला पुस्तक लागत नव्हतं, मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं असतं तरी चाललं असतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म वेळेवर भरले, एवढं मात्र खरं.

मग एरंडोलचं प्रकरण निघालं. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, पद्मालयाजवळ भीमकुंड आहे, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. गावातल्या पांडववाड्यात मशीद आहे. जुलै २०२३मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तिथल्या नमाजावर निर्बंध घातले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याला स्थगिती दिली, पुढं वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या दिवसांत मोबाइलवर रोज काही ना काही यायचं. खांबांचे फोटो, कमळं, जुने कागद. दुसऱ्या बाजूचेही कागद. माहेरच्या गटावर एक, शाळेच्या माजी शिक्षकांच्या गटावर दुसरं. मी प्रत्येकावर क्षणभर विश्वास ठेवला. शेवटचा मजकूर ज्याचा, तो मला खरा वाटायचा. देवळाचा खांब कसा ओळखायचा, फारुकी सुलतानांनी खान्देशावर दोनशे वर्षं राज्य केलं तेव्हा इथं काय बांधलं गेलं, त्यांच्या थाळनेरच्या कबरी कशा आहेत, यातलं काही माहीत असतं तर निदान थांबून विचारता आलं असतं. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण माझ्या डोक्यातला निकाल दर तासाला कोण फिरवत होतं?

तर वाचायला लागावं, असं ठरवलं. आणि लगेच एका अडचणीत सापडले, जिच्यातून अजून बाहेर आलेली नाही.

भाभींना विचारलं, नमाजात काय म्हणता? त्यांनी अरबी म्हणून दाखवलं. अर्थ? “तो मौलानासाहेबांना विचारावा लागेल,” म्हणाल्या, आणि दोघी हसलो. माझ्या अथर्वशीर्षाचं काही वेगळं नव्हतं. पण त्यांच्या भावाला अर्थ येतो. तो शिकलेला आहे, धर्माचा अभ्यास केलेला आहे, आणि तो दर्ग्यावर जात नाही. कबरीपुढं डोकं टेकवणं, चादर चढवणं हे दीनमध्ये बसत नाही, असं त्याचं म्हणणं. भाभींनी लालशा बाबांना जायचं कमी केलंय ते त्याच्यामुळं. इकडं आमच्या गल्लीतही तसंच. रामाचा रथ दर्ग्यापाशी का थांबावा, असं विचारणारी पोरं आहेत, आणि ती आडदांड नाहीत. त्यातला एक संस्कृत शिकतो. माझ्याहून जास्त स्तोत्रं त्याला पाठ आहेत.

म्हणजे पोथी वाचलेला माणूस दर्ग्यातून उठून जातो आणि न वाचलेला चादर धरून उभा राहतो. मी ज्या अज्ञानाबद्दल स्वतःला टोचून घेत होते, त्याच अज्ञानावर इतकी वर्षं रथ थांबत आला असेल तर? ज्याला त्याला आपापलं शास्त्र शुद्ध कळलं की सामाईक असं काही उरणारच नाही, असं तर नाही? बरेच दिवस या विचारानं मी पुस्तक मिटून ठेवलं. आळसाला इतकं भारदस्त कारण पुन्हा मिळणार नव्हतं.

पण विनोबा वाचूनच कुराणापर्यंत गेले. लक्ष्मणशास्त्री वाचूनच स्वतःच्या घराशी भांडले. आणि अप्पा महाराज व लालशा बाबा, ज्यांच्या दोस्तीवर आमचा सगळा बडेजाव चालतो, ते काही एकमेकांना फुलं मारून उठून जात नसतील. दोन साधुपुरुष ओट्यावर बसले तर देवाचीच गोष्ट निघणार, आणि निघाली तर कुठंतरी अडणार, वाद होणार, पुन्हा दुसऱ्या दिवशी बसणार. आमच्या वाट्याला आलं ते त्या बैठकीतलं शेवटचं दृश्य, उठताना केलेला रामराम-सलाम. मधलं बोलणं आम्ही घेतलंच नाही. भाभींचा भाऊ आणि आमचा संस्कृतवाला पोरगा यांनी एकमेकांशी कधी शब्द बोललेला नाही. दोघांनाही येतं ते फक्त आपापल्या माणसांना ऐकवायला येतं. भावाला घरी चहाला बोलावलं. आला. मूर्तिपूजेवर आमचं जुंपलं, आवाज चढले, भाभी मध्ये पडून त्यालाच रागवल्या. पटलं नाही. मलाही त्याला दर्ग्याची महती पटवता आली नाही, कारण मुळात मलाच ती कुठं नीट माहीत होती? पण “फिर आऊंगा ताई” म्हणून गेला. परत आलाही, तेव्हा हातात एक मराठी कुराण होतं.

हे सगळं हिंदू-मुसलमानांपुरतं आहे असं मानून मी जरा सुटकेचा निःश्वास टाकला होता. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखाली लांडोर बंगला आहे. बालपणी आम्ही पावसाळ्यात तिथं सहलीला जायचो. धबधबा, मोर, डब्यातल्या कळण्याच्या भाकरी. ३१ जुलै १९३७ला न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आलेले डॉ. आंबेडकर त्या बंगल्यात राहिले होते. दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसं तिथं जातात. मी धुळ्याची लेक, आणि मला हे तो विद्यार्थी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कुणी लपवलं नाही, फक्त कुणी सांगितलं नाही. आंबेडकर त्यांचे, समर्थ आमचे, मुक्ताई वारकऱ्यांची, बहिणाबाई लेव्यांची अशी वाटणी मी जन्मायच्या आधीच होऊन गेली होती, आणि आपल्या वाट्याचं सोडून दुसऱ्याच्या वाट्यात डोकावायचं नाही, ही मला सभ्यता वाटत होती.

यंदाच्या ३१ जुलैला त्याच्याबरोबर गेले. पाऊस होता, चढणीला चिखल, स्पीकरवर भीमगीतं. बायकांनी आग्रहानं पोहे खाऊ घातले. परतताना तो म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला रामायण फार छान सांगायच्या. सगळं सांगितलंत. फक्त शंबूकाची गोष्ट नाही सांगितली.”

उत्तर देता आलं असतं. उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे असं बऱ्याच विद्वानांचं मत आहे, ते मला आता माहीतही झालं आहे. पण लव-कुशाचा जन्म आणि सीतेचा त्याग त्याच कांडातले, आणि त्या गोष्टी मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगितल्या. मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. लव-कुश ठेवायचे आणि शंबूक तेवढा मागाहून जोडलेला म्हणायचा, हे माझं मलाच पटत नाही. त्याला म्हटलं, वाचून फोन करते. उत्तरकांड वाचून झालं आहे. फोन अजून केलेला नाही.